काळ्या मातीत पॅनलचं कुंपण: खांब वर येतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळ सिमरोलच्या बाजूला साधारण अर्ध्या एकराची, 150 बाय 150 फुटांची जागा. दहा-बारा शेळ्या, त्यांची करडं आणि दोन गाई. मे महिन्यात अँगलचे खांब दीड फूट गाडून काँक्रीट भरलं आणि वेल्डेड जाळीचे तयार पॅनल त्यांना वेल्डिंगनं जोडले. एक पावसाळा झाला. आता बरेच खांब वर आलेत, काही कललेत, फाटक लागत नाही आणि दोन ठिकाणी करडं खालून बाहेर जातात. मिस्त्रीचं म्हणणं, प्रत्येक खांबाभोवती आणखी काँक्रीट टाकू. टाकावं का?

टाकू नका. त्यात पैसे जातील आणि पुढच्या पावसाळ्यात खांब आणखी उचलले जातील. जाळी बहुतेक ठीक असेल, मिस्त्रीचं वेल्डिंगही ठीक असेल. अडचण मातीची आहे, आणि माळव्याच्या काळ्या मातीत कुंपण करताना आधी तिचाच हिशेब करावा लागतो.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. ते पाणी घेतलं की फुगतं, वाळलं की आकसतं. इंदूरला वर्षाचा पाऊस 950 मिमीच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे मे अखेरीस जी माती भेगाळलेली असते तीच ऑगस्टमध्ये फुगून वर येते. फुगताना ती खांबाच्या काँक्रीटला बाजूंनी घट्ट पकडते आणि स्वतःबरोबर वर नेते. आकसताना सोडते, पण तोवर काँक्रीटखालच्या पोकळीत माती आणि गाळ शिरलेला असतो, त्यामुळे खांब पुन्हा पूर्ण खाली बसत नाही. दरवर्षी थोडाथोडा वर सरकतो. खड्डा वरच्या बाजूला रुंद असेल आणि काँक्रीटचं डोकं छत्रीसारखं पसरलं असेल, तर माती त्या डोक्याला खालूनही ढकलते. मिस्त्री जे आणखी काँक्रीट सुचवतोय त्यानं नेमकी हीच छत्री मोठी होणार.

घर बांधताना अशा मातीत बूड फुगवलेल्या अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं या पद्धतीवर मोठं काम केलं आहे. खोल काळ्या मातीत या पाइल किमान 3.5 मीटर खाली नेतात, कारण त्या खोलीला माती वर्षभर जवळपास तेवढीच ओली राहते. शेळ्यांच्या कुंपणाला कोणी 3.5 मीटर खोल जाणार नाही. म्हणून मी दोन गोष्टी एकत्र करतो: खांब परवडेल तितका खोल आणि बुडाशी रुंद, आणि वरचं सगळं कुंपण थोडं हललं तरी तुटणार नाही असं मोकळं. मातीला पूर्ण अडवायला गेलात तर माती जिंकते.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक चाचणीखड्डा घ्या. बऱ्याच ठिकाणी काळ्या थराखाली पिवळी माती किंवा मुरूम लागतो, आणि एकाच शेतात तो एका टोकाला 2 फुटांवर तर दुसऱ्या टोकाला 6 फुटांवर असू शकतो. मुरूम 3 फुटांच्या आत असेल तर काम फार सोपं: खांबाचं बूड मुरमात एक-दीड फूट रोवा, तिथे काँक्रीट भरा, खांब फारसा हलणार नाही. मुरूम खोल असेल तर खाली दिलेली पूर्ण पद्धत लागेल. मे महिन्यात भेगांमध्ये एक सरळ तार सोडून बघा. ती जितकी खाली जाते, निदान तितक्या खोलीपर्यंत माती हलते असं धरा. दीड फुटांचा तुमचा खड्डा पूर्णपणे त्या हलणाऱ्या थरातच होता.

खांबासाठी मी अँगलपेक्षा गोल जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घेतो. अँगलच्या कोपऱ्यांत माती अडकून धरते, गोल गुळगुळीत पाइपवरून ती सरकते. मधल्या खांबांना 40 मिमी बी क्लास पाइप (बाहेरचा व्यास 48 मिमी, भिंत 3.2 मिमी) शेळ्यांसाठी पुरतो. गाई-म्हशी ज्या बाजूला रोज अंग घासणार, म्हणजे गोठ्याची आणि पाण्याची बाजू, तिथे 50 मिमीचा घ्या. कोपऱ्यांनाही 50 मिमीचाच, फाटकाला 80 मिमीचा. पाइप 6 मीटर लांबीत येतो. बरोबर मध्यावर कापला की 3-3 मीटरचे दोन खांब होतात, काही वाया जात नाही: जमिनीवर 1.6 मीटर, जमिनीत 1.4 मीटर, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा थोडं जास्त. तीन फूटच गाडायचं म्हणून पाइप आखूड कापून तुकडे भंगारात घालण्यापेक्षा ती लांबी मातीत गेलेली बरी.

खड्डा 9 इंची ऑगरनं (खड्डा पाडायच्या गिरमिटानं), साडेचार फूट खोल, बाजू सरळ. तळाचा एक फूट लांब दांड्याच्या वाकवलेल्या खुरप्यानं किंवा पहारीनं कोरून 14 इंचांपर्यंत रुंद करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मजूर ते टाळू बघतात, पण हे रुंद बूड हाच सगळ्याचा आधार आहे, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात बॅटरी मारून बघितल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका. पाइपच्या खालच्या टोकाला 10 मिमी सळईचे 8-8 इंचांचे दोन तुकडे आडवेउभे वेल्ड करा, म्हणजे पाइप काँक्रीटमधून निसटणार नाही. एक फुटाचे तुकडे लावलेत तर ते 9 इंची खड्ड्यात उतरणारच नाहीत. जीआय पाइपला वेल्डिंग करण्याआधी तिथलं जस्त ग्राइंडरनं घासून काढा आणि काम उघड्यावर करा. जळलेल्या जस्ताच्या धुरानं थंडी वाजून ताप येतो.

काँक्रीट फक्त तळाच्या दीड फुटात, 1:2:4 (सिमेंट, रेती, खडी) प्रमाणात. एका खांबाला साधारण 0.03 घनमीटर लागतं, म्हणजे 50 किलोच्या एका पोत्यात पाच खांब. त्यावरच्या तीन फुटांत पाइपला जाड प्लॅस्टिकचे दोन वेढे द्या, मधे थोडं जुनं इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावा. माती फुगली की ती प्लॅस्टिकला धरून सरकेल, पाइपला ओढणार नाही.

भराव कशानं करायचा यावर मतभेद आहेत. अनेक जण मुरूम किंवा रेती घालतात. आजूबाजूला चिकण काळी माती असताना मधे पाणी जिरवणारा भराव घातला, तर पावसाचं पाणी त्या खड्ड्यात साठतं आणि खांबाच्या बुडाशीच माती सगळ्यात जास्त भिजते. मी खड्ड्यातून निघालेलीच माती वापरतो, विझवलेला चुना मिसळून. वजनाच्या सुमारे 5 टक्के चुना पुरतो. तीन फूट भरावाला साधारण 60 किलो माती लागते, म्हणजे खड्ड्यामागे 3 किलो चुना. माती वाळवून ढेकळं बारीक फोडा, चुना नीट मिसळा, हलकं पाणी मारून एक दिवस झाकून ठेवा आणि मग 6-6 इंचांचे थर देऊन धुम्मस करा. चुन्यानं काळ्या मातीचा फुगवटा बराच कमी होतो. हातमोजे आणि चष्मा घाला, चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. सर्वांत वर, खांबाभोवती माती उंचवटा करून ठेवा, खोलगट अजिबात नको.

काम कधी करायचं हेही महत्त्वाचं आहे. मे महिन्यात माती सगळ्यात आकसलेली असते, तेव्हा बसवलेला खांब पावसाळ्यात पूर्ण फुगवटा सोसतो. तुमच्याकडे तेच झालं. जुलै-ऑगस्टमध्ये खड्डाच उभा राहत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. माती ओलसर असते, बाजू ढासळत नाहीत, आणि फुगणं-आकसणं यांच्या मधल्या अवस्थेत खांब बसतो.

आता पॅनल. शेळ्या असतील तर जाळीचं भोक 2 इंच रुंद आणि 4 इंच उंच ठेवा, खालपासून वरपर्यंत एकच. 6 बाय 6 इंचाचं भोक स्वस्त पडतं, पण शिंगवाली शेळी त्यातून डोकं घालते आणि शिंगांमुळे काढू शकत नाही. तिथेच अडकून ती कुत्र्याच्या तोंडी लागते किंवा उन्हात मरते. 4 बाय 4 मोठ्या शेळ्यांना चालतं, करडांना नाही. पॅनल 8 फूट लांब, 5 फूट उंच, तार किमान 10 गेज (3.25 मिमी), गाईंच्या बाजूला 8 गेज (4 मिमी). जाळी आधी वेल्ड करून मग गरम जस्तात बुडवलेली घ्या. आधीच जस्त चढवलेल्या तारेला वेल्ड केलं की प्रत्येक सांध्यावरचं जस्त जळतं, आणि शेण-मुताच्या जागी गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

लोहामंडीत खरेदी करताना गेजवर शब्द घेऊ नका, वजन करा. 2 बाय 4 भोकाच्या 8 बाय 5 फूट पॅनलमध्ये सुमारे 113 मीटर तार जाते. चौकट सोडून नुसत्या जाळीचं वजन 10 गेजला साडेसात किलोच्या आसपास यायला हवं, 8 गेजला साडेअकरा किलोच्या. पाच किलो भरलं तर ती 12 गेज आहे, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो. 25 बाय 25 बाय 3 मिमी अँगलची चौकट असेल तर तिचे पावणेनऊ किलो वेगळे धरा.

पॅनल खांबाला वेल्ड करू नका. तुमच्याकडचं कुंपण कललं त्याचं निम्मं कारण हेच आहे: एक खांब वर आला की त्याला जखडलेलं पॅनल शेजारच्या खांबालाही ओढतं, आणि सांधा किंवा जाळीचा टाका तुटतो. प्रत्येक पॅनल दोन्ही बाजूंना तीन-तीन यू-क्लॅम्पवर (खांबाला धरणाऱ्या यू आकाराच्या पकडीवर) बसवा. क्लॅम्पची पट्टी चौकटीला बोल्टनं जोडताना भोक गोल न ठेवता 40 मिमी लांबीचं उभं ठेवा, नट-बोल्टला स्प्रिंग वॉशर लावा, नट हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं अर्धाच फेरा द्या. पॅनल आणि खांब यांच्यात दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळं. 48 मिमीचा पाइप आणि ही मोकळीक धरून खांबांची मध्य ते मध्य 8 फूट 4 इंच खूण येते. खाली जमिनीपासून दोन इंच वर. पॅनल मातीवर टेकलं तर फुगलेली माती ते खालून उचलते.

पॅनलच्या कुंपणाचा मोठा फायदा इथेच आहे. ताणलेल्या जाळीला किंवा काटेरी तारेला कोपऱ्याचा खांब सतत ओढ सहन करतो, त्याला तिरका आधार द्यावा लागतो, आणि तो एक हलला की सगळी बाजू सैल होते. पॅनलमध्ये ताण नसतो. एक बिघडलं तर सहा बोल्ट काढून तेवढंच बदलायचं. काटेरी तार तर दुभत्या जनावरांच्या कुंपणाला लावूच नये, सडांना जखमा होतात.

जाळी चौकटीच्या आतल्या अंगाला, जनावरांकडे असावी. गाय अंग घासते तेव्हा जाळी चौकटीवर दाबली जाते. जाळी बाहेरून असेल तर तेच वजन जाळीच्या टाक्यांवर येतं. गाईंच्या बाजूला जमिनीपासून अडीच फुटांवर 32 मिमीचा आडवा पाइप द्या, नाहीतर 8 गेजची जाळीसुद्धा वर्षभरात पोटाच्या उंचीला फुगते. पाइपऐवजी झटका मशीनची (तारेत विजेचे छोटे झटके सोडणाऱ्या यंत्राची) एक तार आत सहा इंच अंतरावर घेतली तरी चालतं, मात्र मशीन प्रमाणित हवं. घरातली 230 व्होल्टची लाइन थेट तारेला जोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात.

खालच्या दोन इंच फटीसाठी वेगळी जाळी लागते. दीड फूट रुंद जाळीची पट्टी घ्या, सहा इंच उभी पॅनलला सैल बांधा, एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरवून दगडांनी दाबा. बाहेरून उकरणारं कुत्रं नेमकं त्या पट्टीवर उभं राहून उकरतं आणि सोडून देतं. मातीला भेगा पडल्या तरी पट्टी वरच राहते. तुमच्या करडांचा प्रश्नही यानेच सुटेल, आणि हे काम उद्याही करता येईल, नोव्हेंबरची वाट बघायला नको.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण सिमरोल, महू, चोरल हा जंगलाचा पट्टा आहे: पाच फुटांचं कुंपण बिबट्याला अडवत नाही. शेळ्या रात्री छप्पर असलेल्या, चारही बाजूंनी बंद गोठ्यातच हव्यात. रोजड्यांसाठीही (नीलगाईंसाठी) हे कुंपण खात्रीचं नाही, ते ही उंची उडी मारून पार करू शकतात. हे जनावरं आत ठेवण्याचं कुंपण आहे.

फाटक सगळ्यात आधी बिघडतं, कारण तिथे दोन खांब वेगवेगळे हलले की कडी जुळत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी 12 फूट लागतात. एकच 12 फुटी पल्ला न करता 6-6 फुटांचे दोन करा, वजन निम्म्यानं विभागतं. शेजारी माणसांसाठी 4 फुटी लहान फाटक, मधला खांब दोघांचा. हे तिन्ही खांब 80 मिमीचे, खड्डे 15 इंची आणि काँक्रीट तळाच्या दोन फुटांत. मग तिन्हींना जमिनीखाली 9 बाय 9 इंचांच्या आरसीसी पट्टीनं जोडा, 10 मिमीच्या चार सळया आणि रिंगा घालून. पट्टीच्या खाली तीन इंच वाळलेल्या गवताचा थर द्या. गवत कुजलं की पोकळी राहते आणि फुगणाऱ्या मातीला जागा मिळते. माती हलली तरी तीनही खांब मिळून हलतात. बिजागऱ्या नट फिरवून पुढेमागे करता येतील अशा घ्या, वरची खुंटी खाली तोंड करून बसवा. दोन्ही खुंट्या वर तोंड करून असतील तर गाय शिंगानं फाटक उचलून काढते. कडीचा कोयंडा दोन इंच उभा लांब ठेवा. शेळ्या साधी सरकती कडी तोंडानं उघडायला शिकतात, म्हणून तिला खटक्याचा हुक हवाच.

तुमच्या मापाचा हिशेब: 600 फूट परीघ, फाटकांचे 16 फूट 8 इंच सोडून 70 पॅनल आणि 72 खांब. त्यात 65 मधले, म्हणजे 40 मिमीचे 33 पाइप. कोपऱ्यांच्या चार खांबांना 50 मिमीचे 2 पाइप, फाटकाच्या तीन खांबांना 80 मिमीचे 2. गाईंच्या बाजूला 50 मिमी घेतलात तर तेवढे पाइप इकडून तिकडे करा. सिमेंट खांबांना 15 आणि फाटकाला पाच-सहा, एकूण 20-21 पोती. चुना सव्वादोन क्विंटल. क्लॅम्प 420, त्यावर पाच टक्के जास्त आणा. शेत उताराचं असेल तर पॅनल तिरपे न करता पायऱ्यांनी उतरवा, आणि पावसाचा ओघळ जिथे कुंपण ओलांडतो तिथे वरून साखळीवर लोंबणारं पॅनल लावा, नाहीतर काडीकचरा अडकून पाणी तटतं आणि दोन्ही बाजूंचे खांब घेऊन जातं.

सध्याच्या कुंपणाचं काय, तर सगळं उखडायची गरज नाही. आधी पॅनल आणि खांबांमधलं वेल्डिंग कापून क्लॅम्पवर घ्या. तेवढ्यानंच बरंच कुंपण सरळ होईल. मग लाइनदोरी धरून बघा: जो खांब दीड इंचापेक्षा जास्त वर आलाय किंवा ओळंब्याला एक इंचाहून जास्त कललाय, तोच नोव्हेंबरमध्ये काढून नव्यानं बसवा. बाकीच्यांभोवती पसरलेलं काँक्रीटचं डोकं फोडून टाका आणि त्यांवर पुढच्या पावसाळ्यात नजर ठेवा. पाण्याची टाकी आणि हौद कुंपणापासून निदान सहा फूट आत न्या. हौदाजवळची माती बारा महिने ओली आणि बाकीची कोरडी, असा फरक असला की तिथला खांब हमखास वाकडा होतो. कुंपणाला लागून निलगिरीची रांग लावली असेल तर तीही काढा. मुळं पाणी ओढून माती कोरडी करतात आणि आकसणं वाढतं.

कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि वेल्डिंगला झिंक पेंटचे दोन हात द्या, पाइपचं वरचं तोंड झाकणानं बंद करा, आणि जमिनीच्या रेषेवर, सहा इंच वर नि सहा इंच खाली, डांबर लावा. तुमचे जुने अँगलचे खांब जे राहतील त्यांनाही माती बाजूला करून हे डांबर याच हिवाळ्यात लावून घ्या, कारण शेण-मूत मिसळलेल्या ओल्या मातीत लोखंड त्या एका फुटातच सगळ्यात आधी खलास होतं.